उंदराने न कुरतडलेल्या बंदुकीबाबत

प्रति,
मा. प्रशासकीय अधिकारी (वारसा दालन),
श्री. विजयकुमार साहेब यांसी,
मे. आंबोळगडकर मसाले आणि लोणची एल.एल.सी.,
दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्क, दुबई.

अर्जदार : सौ. विभावरी सुजीत टेंबुलकर, नोंदणी सहायक (वारसा दालन), राहणार रोल्ला, शारजा.

विषय : ठासणीच्या जुन्या बंदुकीची डागडुजी करण्यासाठी सर्वांत कमी गुण मिळालेले कारागीर जहूर यांचीच निवड होणेबाबत.

संदर्भ : १) आपले 'कारणे दाखवा' पत्र, दि. १२ जानेवारी २०२६ (अर्जदाराच्या टेबलावर, जेवणाच्या डब्याखाली मिळाले).
२) गुणवत्ता विभागाचा उंदीर-उपद्रव अहवाल.
३) कै. दादासाहेब आंबोळगडकर यांचा कायम आदेश : 'दालनाचा सर्व पत्रव्यवहार मराठीतच होईल.'

महोदय,

१. उपरोक्त संदर्भ क्र. १ अन्वये अर्जदारास विचारण्यात आले आहे की, येत्या गुरुवारी बंदूक पहिल्या क्रमांकाच्या कंपनीच्या ताब्यात देण्यासाठी लागणाऱ्या फॉर्म क्र. ७ वर तिने सही का केली नाही, आणि ती न केल्यास तिची नुकतीच कायम झालेली नेमणूक पुन्हा तात्पुरती का करू नये. खुलाशासाठी अठ्ठेचाळीस तास दिलेले आहेत. त्यातले बरेचसे तास कचेरीत, शारजाच्या बसमध्ये आणि नऊ महिन्यांच्या कन्येपाशी गेल्याने अर्जदाराकडे कन्येच्या दोन डुलक्यांएवढाच वेळ उरला आहे. हाच खुलासा इंग्रजीत चार ओळींत आटोपला असता. पण दादासाहेबांचा आदेश रद्द करण्याचे धाडस त्यांच्या पश्चात कोणी केलेले नाही, आणि अर्जदारास ते बरेच वाटते, कारण ही हकीकत चार ओळींत मावणारी नाही.

२. आपण दोन वर्षांपूर्वी रुजू झालात, म्हणून पार्श्वभूमी नमूद करते आहे. १९६६ साली दादासाहेबांनी रोल्लात मसाल्याचे पहिले दुकान टाकले. राखणीला खलफान नावाचे स्थानिक गृहस्थ होते. त्यांची ठासणीची बंदूक मिरचीचे पोते आणि धन्याचे पोते यांच्या मधल्या कोपऱ्यात उभी असे. ती कधी उडाली नाही. दादासाहेब सांगत, "बंदूक उडाली नाही, पण गिऱ्हाईक भाव करताना आवाज खाली ठेवायचं." खलफान यांचे चिरंजीव अबू राशिद आज अडुसष्ट वर्षांचे आहेत. येत्या एक फेब्रुवारीच्या साठाव्या वर्धापनदिनासाठी त्यांनी ही बंदूक, तिच्या पोलीस परवान्यासह, आपल्या दालनाला मांडायला दिली. किती दिवसांसाठी, असे विचारले तेव्हा ते म्हणाले, "दादासाब का घर है, दिन क्या गिनना."

३. आता अर्जदाराची चूक, जी तिने आजवर कोणी विचारली नाही म्हणून सांगितली नव्हती.

गेल्या फेब्रुवारीत, म्हणजे प्रसूती रजेवर जाण्याच्या दोन महिने आधी, अर्जदाराने दालनातल्या एक्केचाळीस वस्तूंची यादी केली. वस्तू क्र. १७, बंदूक, हिच्यापुढे तिने लिहिले : 'लाकडी दस्त्याच्या खालच्या कडेस कुरतडल्याच्या बारीक खुणा.' लिहिताना वाक्य साधे वाटले. पण मसाल्याच्या कंपनीत 'कुरतडणे' हा शब्द कोणी साधेपणाने वाचत नाही, हे तिच्या ध्यानात आले नाही. गुणवत्ता विभागाच्या हेमा मॅडमनी यादी वाचली आणि तासाभरात बंदूक पिवळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळली गेली, लाल चिकटपट्टी लागली, जिऱ्याचे गोदाम दीड दिवस बंद राहिले. अहवालात निष्कर्ष निघाला की, 'उंदीर बंदुकीतून मुख्यालयात आला असण्याची शक्यता कमी असली तरी नाकारता येत नाही.' तेव्हापासून वस्तू क्र. १७ शेजारी पिंजरा मांडलेला असून, त्यात आजतागायत आपल्या डाव्या बुटाखेरीज काहीही अडकलेले नाही.

अशा रीतीने उंदीर रेकॉर्डवर आला. एकदा रेकॉर्डवर आलेला प्राणी बाहेर काढणे किती अवघड असते, हे अर्जदार रजेवरून परतल्यावर शिकली.

४. डागडुजीसाठी तीन कारागिरांकडून कोटेशन घ्यावे, असा आपला आदेश होता. परवान्याप्रमाणे बंदूक मालकाशिवाय हलवता येत नाही. म्हणून डिसेंबरातल्या एका दिवशी अबू राशिद स्वतः पिकअप घेऊन आले. बंदूक घोंगडीत गुंडाळून मागे ठेवली. नेमकी त्याच दिवशी कन्येला सांभाळणारी शेजारीण विनिता स्वतःची अक्कलदाढ काढून घ्यायला गेली होती. सबब कन्या केया हीदेखील सदर पाहणीस उपस्थित होती. तिच्या हातात घरचे लाटणे होते. तिला खालचे दोन आणि वरचे दोन दात आले असून, बाजारातली रबरी खेळणी ती एका नजरेत नापास करते. लाटण्याखेरीज तिचे कशानेही समाधान होत नाही.

निघण्यापूर्वी अर्जदाराने प्लास्टिक सोडवले आणि दहा महिन्यांनी तो दस्ता पुन्हा पाहिला. वळणदार कडेवर दोन-दोनच्या जोडीने बारीक खाचा. खालची जोडी अरुंद, वरची रुंद. मग तिने कडेवरच्या मुलीच्या हातातले लाटणे पाहिले. गेल्या वर्षी हीच खूण पाहून तिने 'कुरतडल्याच्या' असे लिहिले होते, तेव्हा तिला दात वाचता येत नव्हते.

अबू राशिद यांचा अंगठा बोलता बोलता त्याच कडेवरून फिरत होता, हेही तिने पाहिले. विश्वासू कारागीर कसा ओळखावा, यावर आपल्या परिपत्रकात बारा निकष आहेत. अर्जदाराने मनात एकच धरला : प्रत्येकाला ती जागा दाखवायची आणि विचारायचे, 'हे काय आहे?'

५. पहिली कंपनी आपल्याच वसाहतीतली. तिचे प्रतिनिधी नीरव हे दुबईतच वाढलेले, अत्यंत सौजन्यशील तरुण. काचेच्या टेबलावर पाणी, खजूर, कॉफी सगळे आले. ते म्हणाले, "मॅम, ट्रस्ट मी. अशी चकाचक करून देतो की कुणी बघून म्हणणारच नाही ही जुनी बंदूक आहे." मग ती वारसा दालनात कशाला ठेवायची, असे अर्जदाराने विचारले. "तेच तर ना मॅम, प्रीमियम दिसेल!" परवाना? "इन प्रोसेस आहे, इन्शाल्ला." आणि ही खूण? त्यांनी वाकून पाहिले. "हे रॅट्सचं ना? काही टेन्शन नाही. खाचांत लांबी भरू, पॉलिश पेपर मारू, वर तीन कोट. खलास."

दुसरा कारखाना अजमानला. तिथल्या उस्तादांनी बंदूक हातात न घेताच विचारले, "मॅडम, कितनी पुरानी चाहिए?" अर्जदारास प्रश्न समजला नाही. तेव्हा त्यांनी उलगडून सांगितले की, आहे ती साधारण शंभरेक वर्षांची दिसते, पण दोनशेची करता येईल. तीनशेची हवी असल्यास नळीवर नक्षी करावी लागेल आणि आठवडा जास्त लागेल. खुणांबाबत त्यांचे मत पहिल्या कंपनीच्या अगदी उलट होते. त्या बुजवायच्या नाहीत, आणखी खोल करायच्या. "तलवार का वार बोल देंगे. चूहा कौन देखने आता है?" अबू राशिद या वेळी पिकअपमध्ये जाऊन बसले.

६. तिसरे कारागीर जहूर. मूळचे कच्छचे, वय सत्तरीपुढे. रोल्लात शिंप्याच्या आणि मोबाइलवाल्याच्या मध्ये दाराएवढ्या रुंदीचे दुकान. घोंगडी सोडू लागताच त्यांनी हात वर केला आणि भिंतीकडे बोट दाखवले. "बेटी, पहले वो पढ़ो, फिर ये खोलो." भिंतीवर त्यांचा परवाना होता, चालू वर्षाचा. मग त्यांनी अबू राशिद यांचा परवाना वाचला, चष्मा बदलून पुन्हा वाचला. मग बंदूक भरलेली नाही याची खात्री केली. ती गेली पन्नास वर्षे भरलेली नाही, असे अबू राशिद म्हणाले. "आपने देखा, अच्छा किया. अब मैं देखूँगा."

त्यानंतर पाव तास त्यांनी काहीच केले नाही. चहा मागवला. बंदुकीकडे नुसते बघत बसले. नळी हलकेच कागदावर उलटी धरली तर तीन मिरचीच्या बिया पडल्या. त्या त्यांनी पुडीत बांधून अबू राशिद यांना दिल्या आणि म्हणाले, "आपका माल."

मग अर्जदाराने ती जागा दाखवून विचारले. जहूर यांनी भिंग लावले. बराच वेळ पाहिले. मान वर केली, आणि बंदुकीकडे नाही, केयाकडे पाहिले. ती चारही दातांनी कामात होती.

"बेटी, वो बेलन ज़रा इधर दिखाना."

लाटणे हिसकावल्याचा निषेध तिने पूर्ण गल्लीला ऐकवला. जहूर यांनी ते दस्त्याशेजारी ठेवले, भिंग एकदा इकडे, एकदा तिकडे नेले आणि अबू राशिद यांच्याकडे न बघता विचारले, "नौ महीने का था, या दस का?"

७. यापुढील मजकूर अबू राशिद यांच्या परवानगीने, फक्त आपल्या माहितीसाठी लिहीत आहे.

अबू राशिद यांनी मिरचीच्या बियांची पुडी खिशात ठेवली. मग म्हणाले, "था नहीं. थी. मौझा. मेरा छोटा बहन."

त्यांची आई दुपारी दुकानात जेवण घेऊन येई. तान्ही मौझा राखणदाराच्या बाजेशेजारी चटईवर बसे. दात शिवशिवत, रडे, आणि हाताला लागे तो बंदुकीचा दस्ता. वडील बंदूक रिकामी करून आडवी ठेवत आणि तिला चावू देत. दादासाहेब म्हणत, आमच्या दुकानाची राखण आता दातांनी चालते. अबू राशिद तेव्हा आठ वर्षांचे. पुढच्या उन्हाळ्यात मौझाला ताप आला, आणि ती दोन वर्षांचीही झाली नाही.

"फोटो उस टाइम किधर था," ते म्हणाले. "कपड़ा नहीं, खिलौना नहीं. ये है."

आपण आमच्या कचेरीला आधी का सांगितले नाही, असे अर्जदाराने विचारले. त्यावर त्यांनी दिलेले उत्तर जसेच्या तसे उद्धृत करते : "तुम्हारा फॉर्म में लिखा था, टूटा क्या है. टूटा तो कुछ नहीं. ये खराब नहीं है. ये मौझा है."

एवढे बोलून त्यांनी डोक्यावरच्या रुमालाच्या, म्हणजे गुत्र्याच्या, टोकाने लाटण्यावरची लाळ पुसली आणि ते केयाच्या हातात परत दिले. "यल्ला, तुम अपना काम करो."

८. (सातवा आणि हा परिच्छेद यांच्यामध्ये एका डुलकीचे अंतर आहे. संदर्भ तुटल्यास क्षमस्व.)

जहूर यांचे कोटेशन चहाच्या बिलाच्या मागे आहे. ते त्यांनी सांगितले आणि अर्जदाराने लिहून घेतले. त्यात ते काय करतील याची एक ओळ आहे आणि काय करणार नाहीत याच्या पाच. गंज थांबवीन, लाकडाला तेल पाजीन. पॉलिश करणार नाही. खुणांना हात लावणार नाही. नवा भाग बसवणार नाही. उडण्याजोगी करणार नाही, कोणी सांगितले तरी. मालक समोर बसल्याशिवाय कामाला हात घालणार नाही. आणि शेवटी, विचारले नसताना : "दो हफ़्ते बोलता हूँ, चार लगेंगे." आता दिले तरी एक फेब्रुवारीच्या आत काम होणार नाही, असा याचा अर्थ. हे दोष म्हणून अर्जदार मान्य करते.

आपल्या तुलनात्मक तक्त्यात चकाकी, हमी, वेबसाइट, कोटांची संख्या, कामाची व्याप्ती असे रकाने आहेत. 'काय करणार नाही' असा रकाना नाही. त्यामुळे पहिल्या कंपनीला ८८, अजमानच्या कारखान्याला ७४ आणि जहूर यांना ११ गुण मिळाले. त्या अकरांपैकी दहा दुकान जवळ असल्याचे आणि एक सुवाच्य अक्षराचा आहे. अक्षर अर्जदाराचे आहे. तो गुण तिने परत करावा, असे आपले म्हणणे असल्यास ती तयार आहे.

९. मौझाचे नाव न घेता, त्या खुणा तान्ह्या मुलाच्या दातांच्या आहेत एवढेच अर्जदाराने आपल्याला तोंडी सांगितले होते. त्यावर आपण पत्रात तीन मुद्दे काढले आहेत. त्यांचा खुलासा असा :

(अ) 'भावनिक कारण निकषात बसत नाही.' मान्य. मग बंदूकही बसत नाही. जी बंदूक साठ वर्षांत एकदाही उडाली नाही, ती आपण भावनेशिवाय कशासाठी मांडतो आहोत?

(ब) 'मालकाने दुरुस्तीस लेखी हरकत घेतलेली नाही.' खरे आहे. अर्जदाराने त्यांना एक ओळ लिहून द्या म्हणून विनवले. ते म्हणाले, "दादासाब को मैंने हाथ से दिया. काग़ज़ से वापस लूँगा? शरम नहीं आएगा?" आपल्याकडे दिलेला शब्द कागदावर नसेल तर ग्राह्य नाही. त्यांच्याकडे दिलेला शब्द कागदावर आणणे हाच अपमान. या दोन नियमांच्या मध्ये सध्या ती बंदूक उभी आहे, पूर्वी दोन पोत्यांमध्ये असे तशी.

(क) 'खुणा उंदराच्या नसून बालकाच्या असल्याबाबत पुरावा सादर करावा.' सादर करते आहे. सोबतची यादी पाहावी.

१०. अर्जदाराचे पती सुजीत हे रुवैस येथे रिफायनरीत नोकरीस असून शुक्रवारी संध्याकाळी घरी येतात. सोमवारी फोनवर आपले पत्र ऐकून ते म्हणाले, "अगं, सही कर आणि मोकळी हो. बंदूक आपली आहे का?" तेव्हा अर्जदाराने त्यांना वरची हकीकत सांगितली. मग त्यांनी विचारले, "केयाचं लाटणं कुठाय?" हातात आहे, म्हटले. "मग नको करूस सही."

नेमणूक तात्पुरती झाल्यास घराचा हिशोब बिघडेल, हे दोघांनाही ठाऊक आहे. तरी तिची भूमिका अशी की, तिने एकदा एका शब्दाने मौझाचा उंदीर केला आहे. आता सहीने त्यावर लांबी भरणे तिच्याने होणार नाही.

११. सबब नम्र विनंती की,

गुरुवारचा ताबा रद्द करावा आणि काम जहूर यांना द्यावे. एक फेब्रुवारीला बंदूक तयार नसेल, तर ती आहे तशी मांडावी. पाहुण्यांना गंज दिसेल. तो खरा आहे.

यादीतील वस्तू क्र. १७ पुढील 'नुकसान' या रकान्यातली नोंद खोडावी, आणि तिथे दुसरे काही लिहू नये. हे शेवटचे फार महत्त्वाचे आहे. आपली जनसंपर्काची दृष्टी अर्जदारास परिचित आहे. ही हकीकत वाचून आपल्या मनात उभा फलक, मोठी अक्षरे आणि बाळाचे चित्र आले असेल, तर कृपया ते काढून टाकावे. अबू राशिद यांची एकच अट आहे : "साहब को बोलो. दीवार को मत बोलो."

पिंजरा उचलावा.

आणि यांतले काहीच शक्य नसेल, तर फॉर्म क्र. ७ वर दुसऱ्या कोणाची सही घ्यावी. सही करणाऱ्या व्यक्तीने आधी एकदा, कोणी पाहत नसताना, त्या कडेवरून अंगठा फिरवावा, एवढीच अपेक्षा.

कळावे. आपल्या आज्ञेत राहण्याचा आजवर प्रामाणिक प्रयत्न केलेली,

(सही)
सौ. विभावरी सुजीत टेंबुलकर
रोल्ला, शारजा
दि. १३ जानेवारी २०२६

सोबत :
१) फॉर्म क्र. ७, सही न केलेला. (उजवा कोपरा ओला होऊन फाटला आहे. त्याबद्दल स्वतंत्र खुलासा मागवू नये.)
२) कारागीर जहूर यांच्या परवान्याची प्रत व त्यांचे कोटेशन, चहाच्या बिलासह.
३) लाकडी लाटणे, एक नग. त्यावर कु. केया सुजीत टेंबुलकर, वय नऊ महिने, हिच्या दातांच्या खुणा आहेत. दस्त्यावरील खुणांशेजारी ठेवून पाहाव्यात. भिंग लागणार नाही. तपासणी होताच लाटणे त्याच दिवशी परत मिळावे. पाचवा दात येतो आहे, आणि दस्ता दुसऱ्या कोणाचा तरी आहे.